पत्र्याखालची शाळा

गेल्या वर्षी एका आप्ताच्या दुखण्यामुळे आठ-दहा दिवस हैदराबादला राहण्याचा योग आला. आमच्या सीमेवरच्या लोकांना हे शहर परके नाही. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, मोत्यांचा सर, सगळ्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्या तिकडेच जात. एके संध्याकाळी गच्चीबावलीच्या पलीकडे पायी निघालो होतो. वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींचे सांगाडे उभे होते आणि त्यांच्या पायाशी निळ्या पत्र्याच्या कुंपणाआड मजुरांच्या पत्र्याच्याच खोल्यांची रांग होती. तिथून हाक आली, "गुरुजी!"

हाक मारणारा चाळिशीचा सेंट्रिंग कामगार. त्याने आपले गाव सांगितले, बापाचे नाव सांगितले, तेव्हा ओळख पटली. १९९४ साली तो माझ्या तिसरीच्या वर्गात होता. पाया पडला, चहा पाजला. त्याची आठ वर्षांची मुलगी दारात वाळूच्या ढिगावर बसली होती. मी सवयीने विचारले, "कितवीत गं?" ती बापाकडे पाहू लागली. तो म्हणाला, "गावाकडं दुसरीत होती, गुरुजी. हितं कुठं घालावं? शाळा लांब, शिकवणं तेलुगूत. आन् आम्ही चार महिन्यांनी दुसरीकडं." मग थोडे थांबून म्हणाला, "आपल्या पत्र्याच्या शाळेवानी काही असतं, तर झालं असतं."

ते वाक्य मी गावी परत येईपर्यंत मनातून जाईना. शाळा म्हटली की आपल्यासमोर आधी इमारत उभी राहते. शासनाच्या कागदावरही आधी खोल्या मोजल्या जातात. पण आमच्या या जुन्या निजामी मुलखाचा इतिहास चाळला, तर क्रम बहुधा उलटा दिसतो. शाळा आधी आली, भिंती मागाहून आल्या. काही ठिकाणी आल्याच नाहीत. या इतिहासाचे काही धागे वाचकांसमोर ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

एकोणिसाव्या शतकातला पंतोजी कुणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात नाहीतर गावच्या चावडीत पोरे जमवी. धूळपाटी हीच वही. मशिदीच्या आवारातल्या मक्तबाचेही तसेच. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तीही दुसऱ्याच्या वाड्यात, भिड्यांकडे. नव्या शिक्षणाला स्वतःचे घर नव्हते आणि त्यावाचून त्याचे अडलेही नाही.

हैदराबाद संस्थानात अडचण वेगळी होती. राज्यातल्या प्रजेची बोली मराठी, तेलुगू, कानडी. दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवायचे तर लोकांनी स्वतःच उठायला हवे होते. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी काढली. त्याच वर्षी गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघाले. विवेकवर्धिनीला एक वर्ष झाले न झाले, तोच २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला तो प्रसिद्ध महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली, वस्त्याच्या वस्त्या पडल्या. अशा शहरात लोकवर्गणीवर चाललेली एक मराठी शाळा तगली, वाढली, तिने मुलींनाही शिकवले. तिचे बळ कशात होते, हे सांगायला नको.

संस्थानाच्या सरकारलाही हे बळ कळत असावे. सभा भरवायला आधी परवानगी घेण्याचा ‘गश्ती निशाण ५३’ चा फास जुन्या मंडळींच्या बोलण्यात वारंवार येतो. त्याच जातीचा दुसरा फास १९२४ च्या सुमारास खानगी शाळांभोवती पडला. परवानगीवाचून शाळा काढता येईना. ओसऱ्यांवरच्या, देवळांतल्या लहान शाळांची संख्या त्यानंतर झपाट्याने घसरली. इमारत पाडावी लागली नाही. एका कागदाने काम झाले. ज्या शाळेला भिंती नसतात तिला पुरापासून धोका कमी असतो, पण कागदापासून जास्त असतो, हा धडा मला फार मोलाचा वाटतो. तो पुढे पुन्हा येणार आहे.

तरीही काही शाळा टिकल्या. आमच्या भागात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथे आले आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी शाळेत त्यांनी तेच काम पुढे चालवले. जागा बदलली, शिकवणारे आणि शिकण्याचे कारण तेच राहिले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व पुढे याच माणसाने केले.

*

गंमत अशी, की ज्या उस्मानिया विद्यापीठाची भव्य इमारत पाहून आजही मान वर होते, तेही वीसेक वर्षे बिऱ्हाडकरूच होते. विद्यापीठाची स्थापना १९१८ ची. १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले ते गनफाउंड्री भागातल्या भाड्याच्या बंगल्यांत. कायमची जागा निवडण्यासाठी पॅट्रिक गेडिस यांच्यासारख्या नगररचनाकाराचा सल्ला घेतला गेला, अडीकमेटची जागा ठरली. झैन यार जंग आणि सय्यद अली रझा हे वास्तुविद देशोदेशीची विद्यापीठे पाहून आले, बेल्जियन वास्तुविद एर्नेस्त जास्पार यांनी आराखडा केला. १९३४ मध्ये कोनशिला बसली आणि १९३९ मध्ये आर्ट्स कॉलेजचे उद्घाटन झाले. तोवर किती तुकड्या त्या भाड्याच्या खोल्यांतून पदव्या घेऊन गेल्या होत्या! ज्ञानाचा एक शब्दही त्या भाड्याच्या छपरामुळे कमी झाला नाही.

आणि उद्घाटनाच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना याच विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही ही चळवळ पेटली होती. या मुलांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. त्यात पी. व्ही. नरसिंह राव हे एक होते. त्या मुलांच्या हाती ग्रॅनाइटच्या त्या कमानी लागल्या नाहीत. नागपूरचा एक बाक लागला. तेवढा पुरला.

*

छपराची गोष्ट निघालीच आहे तर पत्र्याचेही सांगितले पाहिजे. नालीदार लोखंडी पत्रा १८२९ साली लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनियराने काढला. पन्हळीमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो, वासे कमी लागतात, चार माणसे पत्रे उचलून दुसरीकडे नेऊ शकतात. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा आला आणि तो गंजेना. जगभर जिथे घाईने आणि स्वस्तात छप्पर हवे होते तिथे हा पत्रा पोहोचला.

आमच्याकडे दुसरा पत्रा आला तो हैदराबादहून. १९४६ साली तिथे सिमेंटच्या पत्र्यांची कंपनी निघाली, सनतनगरला कारखाना झाला आणि ‘चारमिनार’ छापाचे पत्रे खेडोपाडी गेले. कौलाची जागा त्याने घेतली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यात शाळा झपाट्याने वाढल्या. तुराट्यांच्या कुडावरची छपरे गेली आणि शिमिटाचे पत्रे आले. त्या पत्र्यात असलेले अॅस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक असते हे ज्ञान नंतरचे. आज कितीतरी देशांनी त्यावर बंदी घातली आहे. स्वस्त छपराची किंमत नेहमी बाजारात चुकती होते असे नाही. काही बाकी पुढच्या पिढीच्या नावे राहते.

१९८७ मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन बऱ्यापैकी खोल्या, दोन शिक्षक, त्यांतली एक शिक्षिका, असे ते किमान माप. मी नोकरीला लागलो त्या काळात या दोन खोल्यांची वाट पाहणारी गावे आमच्या तालुक्यात होती. दगडाच्या भिंतीची खोली झाली की गाव नारळ फोडी. दगड म्हणजे पक्के, पत्रा म्हणजे कच्चे, ही आमची समजूत पिढ्यान् पिढ्यांची होती.

ती समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास मोडली.

अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, एकोंडी ही नावे दुसऱ्या दिवशी जगभर गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ-दहा हजारांच्या घरात माणसे गेली. त्यांना भूकंपाने मारले असे आपण म्हणतो. खरे मारले ते दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींनी आणि वर वर्षानुवर्षे माती चढवत नेलेल्या माळवदांनी. ज्याचा वाडा मोठा, त्याची भिंत जाड आणि त्याच्या घरात प्रेते जास्त, असे मी डोळ्यांनी पाहिले. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांतली माणसे बऱ्याच ठिकाणी वाचली.

मी त्या वेळी उमरगा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर होतो. शाळेची एक भिंत आडवी झाली होती, दुसरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. काही दिवसांनी आम्ही लिंबाखाली हजेरी घेतली. हजेरीपटावरची नावे ओळीने घेत गेलो. उत्तर आले नाही की मी पुढचे नाव घेई. अकरा नावांना उत्तर आले नाही. मुले इतकी शांत होती की मला हजेरी पुरी करावीच लागली.

मग पत्रे आले. बल्ल्या रोवून, जस्ती पत्रे ठोकून, तात्पुरत्या वसाहतींच्या रांगा उठल्या. त्यातच एका टोकाला शाळा. रुळाचा एक तुकडा टांगून त्याची घंटा केली. उन्हाळ्यात दहा वाजता पत्रा असा तापे की मुले पाट्या डोक्यावर धरीत. आम्ही वर कडबा आणि उसाचे पाचट टाकले, आतून पोती बांधली, शाळा सकाळची केली. पावसाचा तडाखा सुरू झाला की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. मग सगळ्यांनी मिळून पाढे ओरडायचे. पण एक गोष्ट खरी. ती मुले दगडी खोलीत पाय ठेवायला तयार नव्हती. पत्र्याखाली मात्र निवांत बसत. वारा आला की पत्रा वाजे, त्या आवाजाने दचकत; पण एखादा मोठा मुलगा सांगे, "पत्रा हाय रं, पडला तरी मरत न्हाई." गच्चीबावलीला भेटलेला तो सेंट्रिंगवाला या वर्गातला.

बावन्न गावे नव्या जागी उठवून बांधली गेली. सिमेंटच्या शाळा झाल्या. त्याला काही वर्षे लागली आणि तोवर शिक्षणाचा धागा त्या पत्र्यांनी तुटू दिला नाही. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिकण्यासाठी पुण्याला नेली होती. याच संघटनेने २००१ च्या भुज भूकंपानंतर गुजरातेत तीन महिन्यांत साडेतीनशेंहून अधिक तात्पुरत्या शाळा उभ्या केल्या. आधी तंबू, मग घर, मग शाळा हा मदतीचा नेहमीचा क्रम असतो. शाळा रांगेत शेवटी ठेवायची नाही, हे आमच्या मातीत घेतलेले शिक्षण कच्छला उपयोगी पडले असे मी मानतो.

*

भूकंप एका पहाटेचा असतो. पण ज्यांचे घर दर सहा महिन्यांनी हलते, त्यांचे काय?

याचा विचार मराठीत फार आधी झाला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे वळत. म्हणून शिक्षक साहित्य घेऊन कुरणात गेला आणि कुरणशाळा झाली. मला वाटते, हलत्या वर्गखोलीचा इतका स्वस्त आणि इतका हुशार नमुना जगात थोडा असेल. त्यात खोलीच नाही. हलते ती शिक्षकाची पिशवी.

पुढे दिल्लीत १९६९ मध्ये बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस निघाले. मीरा महादेवन यांनी ते सुरू केले. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. उसाच्या फडांजवळ साखरशाळा आल्या. डोअर स्टेप स्कूलने तर १९९८ पासून बसमध्येच वर्ग बसवला. बाहेर पाहावे तर बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८५ मध्ये बावीस एकखोली शाळांनी आरंभ केला: एक भाड्याची खोली, बहुधा बांबूची आणि पत्र्याची, तीसेक मुले, गावातलीच एक शिक्षिका. त्याच देशात २००२ पासून पुराच्या मुलखात नावेतली शाळा फिरते. मोहम्मद रेझवान या वास्तुविदाने ती काढली.

हैदराबादचे उदाहरण मात्र मला सगळ्यांत विचार करायला लावते. तिथल्या एम. व्यंकटरंगय्या प्रतिष्ठानने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात मजुरी करणारी मुले शाळेत आणण्याचे काम हाती घेतले. हैदराबाद विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शांता सिन्हा त्याच्या मागे होत्या. २००३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे मूल शाळेत नाही ते बालमजूरच, असे त्यांचे सरळ सूत्र. त्यांनी मुलांसाठी शिबिरे भरवली. शेतातून, गुरांमागून सुटलेले मूल काही महिने शिबिरात राहते, मागचा अभ्यास भरून काढते आणि मग आपल्या वयाच्या वर्गात सरकारी शाळेत दाखल होते. शिबिर हे साकव आहे, मुक्कामाचे ठिकाण नाही, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. गरिबांसाठी वेगळी, हलकी, अर्ध्या वेळेची शाळा त्यांना मान्यच नव्हती.

इथे मला माझ्याच मताशी भांडावे लागते. पत्र्याच्या शाळेचे गोडवे गाणे सोपे आहे, कारण आता मी पत्र्याखाली बसत नाही. इंग्लंडात शाळा सोडण्याचे वय १९४७ मध्ये पंधरावर नेले, तेव्हा वाढलेल्या मुलांसाठी सरकारने काँक्रीटच्या सांगाड्याच्या हजारो तात्पुरत्या झोपड्या शाळांच्या आवारात घाईने उभारल्या. हेतू चांगला होता आणि मुले वर्गात बसली. पण त्यांतल्या कित्येक झोपड्या दशकानुदशके तशाच वापरात राहिल्या. श्रीमंत देशात हे झाले. आपल्याकडे ‘तात्पुरते’ हा शब्द कागदावर चढला की तो उतरत नाही. स्वस्त खोली मिळाली की पक्क्या खोलीची फाइल खाली जाते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली असलेली, ऊनपावसात टिकणारी इमारत हवी, असे त्यात स्पष्ट आहे. गरिबाच्या मुलाचा तो हक्क आहे. पत्रा दाखवून तो मिटवता येणार नाही.

म्हणून हलत्या वर्गाची परीक्षा छपरावरून करू नये असे मला वाटते. त्यातून मूल पुढच्या वर्गात जाते का, आणि त्याचे नाव कुठल्या तरी हजेरीपटावर असते का, हे पाहावे. निजामी राज्यात ओसरीवरच्या शाळा एका कागदाने मिटल्या. आज कुंपणाआडची मुले कागदावर नसल्यानेच मिटतात. ती गावच्या पटावरून ‘स्थलांतरित’ म्हणून खाली उतरतात आणि शहराच्या पटावर चढत नाहीत. त्यात भाषेची अडचण शंभर वर्षांपूर्वीचीच. तेव्हा वकील-जहागीरदारांच्या मुलांसाठी मराठी शाळा काढायला मोठी माणसे पुढे आली. आता हैदराबादेत मराठी बोलणारे मूल वाळूच्या ढिगावर बसले आहे, आणि त्याचा बाप कुणाला वर्गणी देऊ शकत नाही.

*

परतण्याच्या आधी मी पुन्हा त्या वसाहतीत गेलो. मुलाबाळांची चौकशी केली तेव्हा मराठी समजणारी नऊ मुले निघाली: देगलूरकडची, उदगीरकडची, दोन बिदरकडची. बिदरच्याच एका मजुराची बारावीपर्यंत शिकलेली सून संध्याकाळी तास-दीड तास बसायला तयार झाली. तिला मराठी, कानडी आणि कामापुरती तेलुगू येते. म्हणजे मुलांना पुढे इथल्या शाळेत घालायचे तर तिचाच आधार. मुकादमाने सामानाची एक खोली संध्याकाळपुरती मोकळी करून देण्याचे कबूल केले. मग म्हणाला, "पण गुरुजी, दिवाळीनंतर हे सगळे पत्रे उचलून पुढच्या साईटवर जाणार."

मी बाजारातून एक पेटी आणली. तीत बालभारतीची पुस्तके, पाट्या, खडू, गुंडाळता येईल असा फळा आणि एक नवा हजेरीपट ठेवला. पहिल्या पानावर नऊ नावे मी माझ्या हाताने लिहिली, प्रत्येकाच्या पुढे गावाच्या शाळेचे नाव आणि इयत्ता. हा पट कुठल्याच कार्यालयात चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी गावाकडच्या मुख्याध्यापकांना त्याची एक नक्कल पाठवली आणि कळवले, की ही मुले गेलेली नाहीत, नावे कमी करू नका.

त्या आठ वर्षांच्या मुलीने पेटी उचलून पाहिली. एकटीला उचलली नाही. दुसरी एक मुलगी आली आणि दोघींनी मिळून ती खोलीत नेली.